पत्र कुणाला लिहिलंय ते आधी बघा – फ्रेंच निसर्गअभ्यासकांच्या घरच्या पत्रांबद्दल

तुमचा प्रश्न असा की व्हिक्तोर झाकमाँ या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने 1828 ते 1832 या काळात प्रवासातून घरी लिहिलेली पत्रं पुस्तकात आहेत, त्यातला पुणे-ठाणे-मुंबईचा भाग घेऊन तुम्हाला लेख करायचाय, पण पत्रातलं कितपत खरं धरायचं, तारखांचा मेळ कसा घालायचा, आणि नंतर छापलेलं जाडजूड प्रवासवर्णन हाताशी असताना पत्रांच्या मागे कशाला लागायचं. मी बॉटनीतला माणूस, हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवून कागदावर चिकटवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, जुन्या शीटवरची झाडं नेमकी कुठून आणि कधी गोळा झाली हे शोधणं माझं रोजचं काम, त्यामुळे असली पत्रं मी साहित्य म्हणून कमी आणि पुरावा म्हणून जास्त वाचतो. त्याच अंगाने सांगतो, जरा लांबण लागेल.

आधी एक सवय लावून घ्या. पत्र हातात आलं की मजकुरात शिरायच्या आधी ते कुणाला लिहिलंय ते बघायचं, आणि मग ते कुठल्या वाटेने गेलं असेल ते बघायचं. बहुतेक लोक उलटं करतात, चांगलं वाक्य दिसलं की उचलतात आणि खाली "झाकमाँ म्हणतो" एवढं टाकून मोकळे होतात. अहो, पण म्हणतो कुणाला? तोच माणूस त्याच आठवड्यात वडलांना एक लिहितो, भावाला दुसरं, म्युझियमच्या प्रोफेसरांना तिसरं आणि पॅरिसातल्या लेखक मित्रांना चौथंच. यातलं खोटं कुठलंच नाही, पण पुरतं खरंही एकटं कुठलंच नाही.

म्युझियमचं पत्र समजायला सोपं म्हणून तिथूनच घेतो. पॅरिसचं नॅचरल हिस्ट्री म्युझियम, म्हणजे जार्दँ दे प्लाँत नावाच्या बागेतलं, तिथे क्युव्हिए, झ्युसिय असली नामांकित शास्त्रज्ञ मंडळी बसलेली. त्यांनी 1818 मध्ये प्रवाशांसाठी आणि वसाहतींतल्या नोकरदारांसाठी सूचनांची एक पुस्तिकाच काढली होती, नमुने कसे गोळा करायचे, कसे टिकवायचे, कसे पाठवायचे. पुढच्याच वर्षी सरकारकडून वर्षाला 20,000 फ्रँकची तरतूद झाली आणि पगारी प्रवासी-निसर्गअभ्यासक तयार करायचा घाट घातला गेला. झाकमाँ हा या व्यवस्थेतला माणूस, म्युझियमने त्याला सुरुवातीला वर्षाला 6,000 फ्रँक लावून दिले होते. कलकत्त्यातल्या कंपनीच्या साहेबांचे पगार बघितल्यावर ही रक्कम किती किरकोळ आहे हे त्याला लगेच कळलं आणि पुढे ते रडगाणं त्याच्या पत्रांत पुन्हा पुन्हा येतं. आता हे रडगाणं वाचताना विचार करा की समोर कोण आहे. म्युझियमला लिहिताना पैशाचा विषय म्हणजे अर्ज असतो, पेट्या इतक्या भरल्या, अमुक जहाजावर चढवल्या, खर्च एवढा झाला, आणखी द्या. मित्राला लिहिताना तोच विषय गंमत होतो, बघा मी कसा फाटका आणि तरी गव्हर्नर जनरलच्या घरी जेवतोय. दोन्हीकडे पैसे कमी पडत होते हे खरंच आहे, पण किती कमी पडत होते ते काढायचं असेल तर मित्राच्या पत्रावर भिस्त ठेवू नका.

अशा पत्रात आणखी एक गोष्ट असते जी साध्या वाचकाला कंटाळवाणी वाटते आणि माझ्यासारख्याला सोनं. नंबर. कुठल्या पेटीत काय, कुठल्या नंबरपासून कुठल्या नंबरपर्यंत, कुठून पाठवलं. हर्बेरियमच्या शीटवर पुष्कळदा नुसता नंबर आणि मोघम प्रदेश एवढंच असतं, हिमालय, दख्खन असं. हिमालय म्हणजे कुठे बाबा? मग त्या नंबराच्या आसपासचे नंबर तो कुठल्या महिन्यात गोळा करत होता ते डायरीतून आणि पत्रांवरून जुळवायचं. पत्रावर गाव आणि तारीख असते, त्यामुळे अमुक दिवशी माणूस तमुक ठिकाणी होता एवढं तरी पक्कं होतं, बाकीचं त्या खुंट्यांना टांगत जायचं. घरच्या पत्राचा हा उपयोग कुणाच्या ध्यानात येत नाही, आईला-बापाला लिहिलेल्या चार ओळी एखाद्या झाडाचं गाव ठरवून जातात.

आता वाटेचा मुद्दा, कारण तारखांचा सगळा घोळ इथे आहे. त्या काळी हिंदुस्थानातून फ्रान्सला पत्र जायचं म्हणजे आफ्रिकेला वळसा घालून शिडाचं जहाज, चार-पाच-सहा महिने, वारा धड नसेल तर जास्तच. उत्तर यायला तेवढेच. म्हणजे प्रश्न आणि उत्तर यांच्यात जवळपास वर्ष जातं. म्हणून लोक पत्रांना नंबर घालायचे, महत्त्वाच्या पत्राच्या दोन-तीन कॉपी करून वेगवेगळ्या जहाजांनी सोडायचे, आणि आधीच्या पत्रातला मजकूर पुढच्यात पुन्हा थोडक्यात लिहायचे, कारण आधीचं पोचेलच याची खात्री नाही. तुम्हाला एकच प्रसंग दोन पत्रांत जरा वेगळ्या तपशिलाने दिसला तर लगेच "लेखक बनवाबनवी करतोय" असं म्हणू नका, बऱ्याचदा ते फक्त दुसऱ्यांदा सांगणं असतं आणि दुसऱ्यांदा सांगताना माणूस थोडंफार इकडचं तिकडे करतोच.

या अंतराने काय व्हायचं त्याचं फिलिबेर कॉमेरसाँसारखं उदाहरण नाही. हा बूगँव्हिल या फ्रेंच दर्यावर्दीच्या पृथ्वीप्रदक्षिणेतला निसर्गअभ्यासक, आपल्या दारोदारची बोगनवेल पहिल्यांदा गोळा केली गेली ती याच सफरीत, ब्राझीलला रिओजवळ, 1767 मध्ये. हा गडी परत फ्रान्सला गेलाच नाही, मॉरिशसला उतरला, तेव्हा त्याचं नाव इल द फ्रान्स, आणि 13 मार्च 1773 ला तिथेच वारला. आठवडाभराने पॅरिसच्या सायन्स अकॅडमीने त्याला सभासद म्हणून निवडलं! तिकडे कुणाला पत्ता नाही की माणूस गेलाय. आता समजा त्या निवडीची पत्रं तुमच्या हाती लागली आणि तारखा न बघता वाचलीत तर तुम्ही काय लिहाल, की अकॅडमीने मरणोत्तर सन्मान केला? तसलं काही नव्हतं, बातमी समुद्रात होती एवढंच.

कॉमेरसाँचंच दुसरं उदाहरण जास्त कामाचं आहे. बूगँव्हिलची जहाजं एप्रिल 1768 मध्ये पॅसिफिकमधल्या ताहिती बेटाला जेमतेम नऊ-दहा दिवस होती. त्यावर कॉमेरसाँने जे पत्र लिहिलं त्यात ते बेट म्हणजे पृथ्वीवरचा स्वर्गच, युटोपिया, लोक निष्पाप, भांडण नाही तंटा नाही. हे पत्र 1769 मध्ये 'मेर्क्यूर द फ्रान्स' या नियतकालिकात छापून आलं, खुद्द बूगँव्हिलचं पुस्तक आलं 1771 ला. म्हणजे पॅरिसने ताहिती आधी पत्रातून वाचलं. बूगँव्हिलने पुस्तकात मागाहून बरीच दुरुस्ती केली, कारण त्याच्या जहाजावर एक ताहितीचा माणूस होता, अहुतोरू, त्याच्याकडून त्याला कळलं की तिथेही वरचे-खालचे असतात, लढाया होतात, नरबळी असतो. पण पहिलं पत्र जे घुसलं ते घुसलं. माझं मत विचाराल तर ते पत्र ताहितीबद्दलचा पुरावा म्हणून अगदीच पातळ आहे, नऊ दिवसांत भाषा न कळता कुणाला काय समजणार, पण पॅरिसच्या वाचकाला काय वाचायला आवडत होतं याचा पुरावा म्हणून पक्का. आणि एक गोष्ट त्या पत्रात सापडणार नाही: नोकर म्हणून पुरुषाच्या कपड्यात जहाजावर चढलेली त्याची सहकारी झान बारे. जहाजावर बाईला बंदी होती, मग ज्याने तिला नेलं तो जाहीर पत्रात कशाला लिहील? पत्रात काय नाही हेही वाचायचं असतं ते असं.

वाटेच्या मुद्द्यावर परत येतो, कारण ला पेरूझ या फ्रेंच दर्यावर्दीची गोष्ट सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ऑगस्ट 1785 मध्ये ब्रेस्ट बंदरातून दोन जहाजं निघाली, बूसोल आणि आस्त्रोलाब, बरोबर शास्त्रज्ञांची अख्खी टोळी, लामानों, ला मार्तिनिएर, पाद्री रसव्हर, कोलिन्यों नावाचा माळी. सप्टेंबर 1787 मध्ये ती कामचात्काला, पेत्रोपाव्लोव्हस्कला लागली आणि तिथे ला पेरूझने बार्तेलमी द लेसेप्स या तरुण दुभाष्याला कागदपत्रांसकट जमिनीवर उतरवलं, जा, सायबेरियातून चालत-गाडीने-घसरगाडीने फ्रान्स गाठ. पोरगा वर्षभराहून जास्त प्रवास करून ऑक्टोबर 1788 ला व्हर्सायला पोचला. मधल्या काळात डिसेंबर 1787 ला सामोआच्या बेटांवर मारामारीत लामानों मारला गेला, फेब्रुवारी 1788 ला ऑस्ट्रेलियात बॉटनी बे इथे रसव्हर वारला, तिथे नुकत्याच आलेल्या इंग्रजांच्या हाती ला पेरूझने शेवटची पत्रं दिली, मार्चमध्ये शिडं उभारली आणि पुढे दोन्ही जहाजं पॅसिफिकमधल्या व्हानिकोरो बेटाजवळ फुटली. म्हणजे बघा, या मोहिमेतून आपल्या हाती जे आलं ते जवळपास सगळं पोस्टाने आलेलं. मकाव, मनिला, कामचात्का, बॉटनी बे इथून जे सुटलं ते वाचलं, जहाजावर जे राहिलं ते समुद्रात गेलं. 1797 मध्ये सरकारने त्या मोहिमेचा ग्रंथ छापला तो असल्या पाठवलेल्या कागदांवरूनच. आणि लेसेप्स इतका जगला की चाळीस वर्षांनी पीटर डिलन हा जहाजाचा कप्तान व्हानिकोरोहून जहाजाचे अवशेष घेऊन पॅरिसला आला तेव्हा ते ओळखायला हाच हजर होता.

तर छापील प्रवासवर्णन असताना पत्रं कशाला, याचं अर्धं उत्तर यात आलं. उरलेलं अर्धं बोदँच्या मोहिमेत आहे. फ्रेंच कप्तान निकोला बोदँ ऑक्टोबर 1800 मध्ये ल आव्हरहून ऑस्ट्रेलियाकडे निघाला, जहाजावर निसर्गअभ्यासकांशी त्याचं बिलकुल जमलं नाही, आणि 1803 ला परतीच्या वाटेवर मॉरिशसला तो मेला. ग्रंथ कोणी लिहिला? त्यातल्याच एका निसर्गअभ्यासकाने, फ्रान्स्वा पेरोंने, ज्याचा कप्तानावर दात होता. त्या ग्रंथात कप्तानाचं नाव जवळजवळ येतच नाही, नुसतं "आमचा कमांडर". बोदँची बाजू काय होती हे त्याच्या डायरीतून आणि त्याने मंत्र्याला, म्युझियमला लिहिलेल्या पत्रांतून कळतं. ग्रंथ नेहमी जो जिवंत परततो तो लिहितो. हां, या मोहिमेची पत्रं बघाल तर तारखा फ्रेंच राज्यक्रांतीने काढलेल्या नव्या कॅलेंडरात असतील, म्हणजे 19 ऑक्टोबर 1800 च्या जागी "27 व्हांदेमिएर, वर्ष 9" असं. त्याचे तक्ते मिळतात, डोक्याने आकडेमोड करू नका. आणि पश्चिमेच्या दिशेने पृथ्वीला फेरी मारणाऱ्या जहाजाची तारीख आशियात पोचेपर्यंत तिथल्या तारखेपेक्षा एक दिवस मागे पडलेली असते हेही ध्यानात असू द्या, एका दिवसाचा फरक दिसला की आधी हा संशय घ्यायचा. झाकमाँला हे दोन्ही लागू नाही, तो साधं कॅलेंडर वापरतो आणि आफ्रिकेला वळसा घालून पूर्वेच्या दिशेनेच आला.

आता तुमचा झाकमाँ. पॅरिसचा, जन्म 8 ऑगस्ट 1801. मेरिमे आणि स्टेंधाल हे लेखक त्याचे दोस्त, त्यामुळे गडी लिहायला तरबेज, आणि हीच त्याला पुरावा म्हणून वाचताना पहिली अडचण. ऑगस्ट 1828 ला ब्रेस्टहून 'झेले' जहाजाने निघाला, रिओ, केप, बूर्बों म्हणजे आजचं रियुनियन, पुदुच्चेरी असं करत मे 1829 ला कलकत्ता. तिथे गव्हर्नर जनरल लॉर्ड विल्यम बेंटिंक आणि बाईसाहेबांनी त्याला घरच्यासारखं ठेवलं. नोव्हेंबरात निघून काशी, दिल्ली, 1830 चा उन्हाळा-पावसाळा हिमालयात, किन्नौरमधल्या कानमला तिबेटी भाषेचा हंगेरियन पंडित चोमा द कोरोश भेटला, मार्च 1831 ला लाहोर, मग काश्मीर.

लाहोरचं पत्र सगळ्यांना आवडतं कारण त्यात रणजितसिंह आहे. महाराजाने याच्यावर प्रश्नांची सरबत्ती केली, हिंदुस्थान, इंग्रज, युरोप, नेपोलियन, हे जग, ते जग, स्वर्ग, नरक, आत्मा, देव, सैतान, काही सोडलं नाही. याच्याशी बोलणं म्हणजे दुःस्वप्न आहे असं झाकमाँ लिहितो, आणि लगेच हेही की मी पाहिलेला हा जवळपास पहिलाच खऱ्या जिज्ञासेचा हिंदुस्थानी. दरबारातून याला सॉक्रेटिस, प्लेटो अशा पदव्या मिळाल्या, महाराजाने काश्मीरची सुभेदारी देऊ केली असंही तो घरी कळवतो. आता हे वडलांना लिहिलेलं आहे. वडील तत्त्वज्ञानात रमलेले, म्हातारे, पोरगा परत दिसेल की नाही या काळजीत. त्यांना मजा वाटावी, पोराचं कुठेतरी मोठं नाव होतंय असं वाटावं, हा सगळा भर त्या पत्रात आहे. सुभेदारी खरंच देऊ केली की महाराजाने गंमत केली की शिष्टाचाराचं बोलणं होतं, हे त्या पत्रावरून ठरवता येत नाही. महाराज कसा बोलायचा हे मात्र त्यातून कळतं, कारण त्याचं चौकस असणं दुसऱ्या प्रवाशांनीही नोंदवलंय. माझा नियम असा, पत्रातली व्यक्तीची सवय घ्यावी, आकडे आणि देणग्या घेताना दुसरा साक्षीदार बघावा.

तब्येतीबद्दलची पत्रं हा वेगळा प्रकार. इंग्रज इथे भरमसाट मांस खातात आणि दारू पितात म्हणून मरतात, मी साधं खातो म्हणून टिकणार, असं त्याचं ठाम मत, आणि घरच्यांना तो हे परत परत सांगतो. आपण परगावाहून आईला फोनवर "जेवलो, बरा आहे" म्हणतो त्यातलाच प्रकार. पण याला सरळ लपवाछपवी म्हणू नका, याचं कारण त्याच्या शेवटच्या पत्रात आहे, आणि ते पत्र तुमच्या लेखाचा गाभा होणार म्हणून तिथे जरा थांबतो.

1832 मध्ये तो दिल्लीहून दक्षिणेकडे निघाला, मार्चमध्ये अजमेर, तिथून दख्खनमध्ये उतरून पावसाळा पुण्यात काढला, मग घाट उतरून साष्टी बेट, ठाणे, आणि ऑक्टोबर संपता संपता मुंबई. 1 डिसेंबर 1832 ला मुंबईहून भाऊ पोर्फिरला पत्र लिहिलंय. वडलांना नाही, भावाला. इथेच पहिली खूण पटते, वाईट बातमी भावाकडे जाते, म्हणजे वडलांना कशी आणि कधी सांगायची ते तो ठरवेल. सुरुवातीलाच लिहितो की मी इथे येऊन बत्तीस दिवस झाले, त्यातले एकतीस बिछान्यावर. आजार धरला साष्टीच्या जंगलात, सगळ्यात वाईट मोसमात उन्हात हिंडून, पण याची लक्षणं मार्चमध्ये अजमेरपासून अधूनमधून जाणवत होती आणि ती कशाची आहेत याबद्दल मी स्वतःचीच समजूत घालत होतो. यकृताची सूज. हे वाक्य सापडलं की मागची सगळी "मी ठणठणीत" पत्रं पुन्हा काढून वाचायची. मार्च ते ऑक्टोबर या काळात त्याने घरी जे लिहिलं ते खोटं नव्हतं, त्याला स्वतःलाच कळलेलं नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. आणि साष्टीच्या जंगलाला दोष देणं हीदेखील त्या काळची समजूत, दमट रानातली हवा बाधते असं डॉक्टरही मानायचे. तेव्हा "साष्टीच्या जंगलाने झाकमाँला मारलं" असं शीर्षक द्यायचा मोह झाला तर आवरा, पेशंटने सांगितलेलं कारण आहे ते.

पुढे तो लिहितो की परमुलखात मरणाऱ्या आपल्या माणसाबद्दल सगळ्यात जाचणारा विचार कुठला असेल तर तो एकटा, बेवारशी मेला असेल हा, तर तुम्ही तसं मानू नका, माझ्याकडे सगळे मायेने बघताहेत. निकल नावाच्या इंग्रज व्यापाऱ्याचं आणि डॉक्टर मॅक्लेननचं नाव घेतो. मग शेवटी निरोप, आणि त्याखाली, बघा हे, तो कळवतो की मी पाठीवर पडून आहे, पेन्सिलनेच लिहिता येतंय, अक्षरं पुसली जातील या भीतीने निकल हे पत्र शाईने उतरवून काढणार आहेत. आणि दुसऱ्या दिवशीची एक ओळ, 2 डिसेंबर, की निकलनी उतरवलेल्या कागदावर मला सही करता आली. 7 डिसेंबरला तो गेला, वय एकतीस.

एका पत्रात दोन तारखा, दोन हात. अशी शाईची प्रत कधी समोर आली आणि अक्षर झाकमाँचं नाही म्हणून कुणी नकली ठरवायला लागला तर चूक होईल, कारण पत्र स्वतःच सांगतंय की अक्षर दुसऱ्याचं का आहे. असं प्रत्येक वेळी नशिबाने लिहिलेलं नसतं, पण जहाजावरच्या आणि आजारपणातल्या पत्रांत दुसऱ्याने उतरवणं नेहमीचं होतं. दुसरं असं की हे पत्र धीर द्यायला लिहिलेलं आहे. सेवा चांगली झाली, मन शांत आहे, हे सगळं भावाला सोसावं म्हणून मुद्दाम पुढे ठेवलंय. खरं असेलही, मला तर खरंच वाटतं, पण ताडून बघायला दुसरा कागद आहे: निकलने त्याच डिसेंबरात मृत्यूनंतर आठवडाभराने पोर्फिरला स्वतः लिहिलेलं पत्र. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. एक मरणाऱ्याचं, एक बघणाऱ्याचं. लेखात यातलं एकच वापरू नका.

आता छापील पुस्तकाबद्दल, कारण तुम्ही मूळ कागद नाही, पुस्तक वाचताय. घरच्यांनी पत्रं 1833 मध्ये पॅरिसला दोन खंडांत काढली, म्हणजे माणूस जाऊन वर्षही उलटलं नव्हतं. घरच्यांनी काढलेल्या कुठल्याही पत्रसंग्रहात जिवंत माणसांबद्दलचं झोंबणारं, घरगुती भानगडी, पैशाची रड, आणि बायकांबद्दलचं मोकळं बोलणं यावर कात्री चालली असणार असं धरूनच वाचायचं. मित्रांना लिहिलेलं जास्त तिखट असतं ते म्हणून मागून येतं, 1867 मध्ये त्याची आधी न छापलेली पत्रं निघाली, प्रस्तावना मेरिमेची. म्हणजे तुमच्याकडे फक्त 1833 चं असेल तर तुमच्याकडे मुलगा आणि भाऊ झाकमाँ जास्त आहे, मित्र झाकमाँ कमी. आणि याखेरीज 'व्हॉयाज दां लँद' म्हणजे 'हिंदुस्थानातला प्रवास' हा मोठा ग्रंथ, 1835 ते 1844 मध्ये सरकारी मदतीने निघालेला, त्यात त्याची डायरी, मग प्राणी-वनस्पतींची वर्णनं दुसऱ्या शास्त्रज्ञांनी केलेली, आणि चित्रं. डायरीतला झाकमाँ कोरडा आहे, दगड, उंची, झाडं, शेती, सारा-महसूल. पुण्याच्या भागासाठी डायरी आधी वाचा, पत्रं नंतर. पत्रं आधी वाचलीत तर त्याच्या टवाळीच्या सुरात तुम्ही अडकाल आणि डायरीचा कंटाळा येईल, हे बऱ्याच जणांचं होतं.

एक मात्र सांगून ठेवतो, हिंदुस्थानी माणसांबद्दल, देवळांबद्दल, आणि इंग्रज यजमानांबद्दलही तो जे बोलतो त्यात उद्धटपणा भरपूर आहे. ते गाळू नका आणि त्याच्यावर तासभर भाषणही देऊ नका. वाचकाला वाक्य दाखवा, कुणाला लिहिलं ते सांगा, पुढे जा.

पत्र आणि शास्त्र यांचं नातं किती घट्ट असू शकतं याचं एक उदाहरण झाकमाँच्या नंतरचं. पाद्री आर्मां दाव्हिद, चीनमध्ये, मार्च 1869 मध्ये आजच्या सिच्वानमधल्या डोंगराळ मुलखात. एका घरी त्याला काळ्या-पांढऱ्या अस्वलाचं कातडं दिसलं. 21 मार्चला त्याने म्युझियमच्या मिल्न-एडवर्ड्सना पत्र लिहून थोडक्यात वर्णन दिलं आणि हे लगेच छापा म्हणून सांगितलं. त्या पत्रातला उतारा छापला गेला आणि पांडाचं शास्त्रीय नाव अधिकृतपणे सुरू होतं ते त्या उताऱ्यापासून. म्हणजे पत्र हाच शोधनिबंध. उताऱ्याची घाई का, तर नमुने जहाजाने पोचेपर्यंत दुसरा कुणी नाव देऊन बसेल. आपल्याकडच्या टॅक्सॉनॉमीवाल्यांना, म्हणजे सजीवांचं वर्गीकरण करून नावं देणाऱ्यांना, ही घाई चांगली ओळखीची आहे.

झाकमाँच्या नमुन्यांना मात्र नावं मागून दुसऱ्यांनी दिली. हिमालयातल्या पांढऱ्या सालीच्या भोजपत्राच्या एका प्रकाराला त्याचं नाव आहे, बागांमधल्या निळ्या फुलांच्या जॅक्मोंशिया वेलीला आहे. त्याचा देह मुंबईतच पुरला होता, 1881 मध्ये अवशेष पॅरिसला नेऊन म्युझियममध्ये ठेवले. तुमच्या लेखात मुंबईतली कबर "आजही" आहे असं चुकून येऊ देऊ नका, जुन्या गॅझेटियर-छाप मजकुरावरून उचललं की असल्या गोष्टी शिरतात.

कामाला लागताना असं करा. 1 मार्च ते 7 डिसेंबर 1832 असा एक तक्ता घाला, एका रकान्यात डायरीची नोंद, दुसऱ्यात पत्राची तारीख-गाव-कुणाला, तिसऱ्यात त्या पत्रात कुठल्या आधीच्या पत्राला उत्तर आहे ते. तिसरा रकाना लोक घालत नाहीत आणि तिथेच फसतात, कारण पुण्यात बसून तो ज्या बातमीवर बोलतोय ती पॅरिसमध्ये कित्येक महिने शिळी झालेली असते. फ्रान्समधल्या 1830 च्या जुलै क्रांतीचंच घ्या, तिकडे राजा बदलला आणि इकडे हा कित्येक महिने जुन्या राजाच्या फ्रान्सलाच लिहीत होता. गावांची नावं तो कानाने ऐकून फ्रेंच पद्धतीने लिहितो, तेव्हा मोठ्याने उच्चारून बघा, ठाणं, अजमेर पटकन ओळखू येतात, लहान गावं अडली तर घाटाचा जुना रस्ता नकाशावर धरून मुक्कामाची अंतरं मोजा, दिवसाला माणूस घोड्यावर आणि सामान बैलावर किती जाईल याला मर्यादा आहे.

आणि फ्रेंच येत नसेल तर 1834 चं लंडनचं इंग्रजी भाषांतर जरूर वापरा, वाचायला बरं आहे, फक्त ज्या वाक्यावर तुमचा मुद्दा उभा राहणार आहे ते वाक्य फ्रेंच मुळात कुणाकडून तरी तपासून घ्या. जुने फ्रेंच खंड फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या गॅलिका साइटवर शोधा, आणि हर्बेरियमच्या शीटचे फोटो पॅरिसच्या म्युझियमने ऑनलाइन टाकलेत, तिथे झाकमाँ हे नाव आणि दख्खनमधली कुठलीही वनस्पती टाकून शोधलंत तर पत्रातला महिना आणि शीटवरचा नंबर जुळतोय का हे घरबसल्या बघता येईल. एखादी शीट अडली तर नंबर पाठवा, बघू.